मांडीला कोणी विचारत नाही

कबड्डीच्या मैदानाकडेला बसलेली माणसं चढाई बघतात, मी मांड्या बघते. वाचायला विचित्र वाटेल, पण आमच्या मंडळाच्या पोरींना आता त्याची सवय झाली आहे. "ताई, आज कोणाची बारीक?" असं त्या मुद्दाम विचारतात आणि खिदळतात. सराव संपला, सगळ्या पाय लांब करून बसल्या, की गुडघ्याच्या वाटीच्या थोडं वर, आतल्या अंगाला जो स्नायूचा फुगवटा असतो तिथे माझी नजर जाते. दोन्ही पायांवर तो सारखा आहे का? नसेल तर त्या मुलीला बाजूला घेते. कधी पडली होतीस? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. "मागच्या सीझनला, ताई. पण आता काहीच दुखत नाही."

या "काहीच दुखत नाही"ची मला धास्ती वाटते. दुखत असतं तोवर पोरीकडे बघायला घर असतं, सर असतात, मैत्रिणी असतात. दुखायचं थांबलं की जो तो आपापल्या कामाला लागतो. गुडघा मात्र अजून अर्ध्या वाटेवरच असतो.

मी उजवा कोपरा खेळायचे. मुंबईत, मातीवर, नव्वदच्या दशकात. मॅट, बूट, टीव्हीवरचे सामने हे सगळं नंतरचं; प्रो कबड्डी २०१४ साली आली तेव्हा माझं खेळणं कधीच संपलं होतं. कोपऱ्याच्या खेळाडूचं काम म्हणजे खाली वाकून वाट बघत राहायचं आणि चढाईवाली बोनसच्या मोहात पडली की घोट्यात हात घालायचा. असाच एक घोटा हातात आला. ती रेषेकडे झेपावली, तिच्या ओढीने मी वळले, पाय मात्र मातीत रुतला तो तसाच राहिला. गुडघ्यातून 'टक्' असा आवाज आला. तो कानांनी ऐकला की आतून जाणवला, हे आजही सांगता येणार नाही. घरी पोचेपर्यंत गुडघा टम्म फुगला होता.

जाता जाता सांगून ठेवते, कारण हे अजूनही मैदानावर फार कमी जणांना ठाऊक असतं. मार लागल्यावर दोन-चार तासांत गुडघा सुजला, तर आत रक्त साचलं आहे असं धरून चालायचं. आणि रक्त असेल तर सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो एसीएलवर, म्हणजे गुडघ्याच्या पोटातून तिरक्या जाणाऱ्या पुढच्या लिगामेंटवर, हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर. दुसऱ्या दिवशी सावकाश चढणारी सूज वेगळी. मुलींच्या बाबतीत तर हा संशय जास्तच घ्यायचा. अचानक वळणं आणि उड्या असलेल्या खेळांत हे लिगामेंट मुलांपेक्षा मुलींचं बरंच जास्त तुटतं.

आमच्या वेळी एक्स-रे निघाला. हाड शाबूत होतं. हाड शाबूत म्हणजे सगळं शाबूत, असा आमच्या घराचा, मंडळाचा आणि बहुधा आख्ख्या चाळीचा हिशोब. पेढे वाटायचेच काय ते राहिले. आंबेहळदीचा लेप लागला, वरून क्रेप बँडेज, आणि आईने गुडघ्याखाली एक छान मऊ उशी सरकवली. किती बरं वाटायचं त्या उशीने! त्या उशीबद्दल पुढे बोलायचं आहे.

सूज उतरायला लागली तेव्हा मांडीकडे लक्ष गेलं. काही आठवड्यांत मांडी इतकी उतरू शकते यावर माझा विश्वास बसेना. बैठका मारून, मैदानाला फेऱ्या मारून कमावलेली मांडी होती ती. आत्या म्हणाली, अंथरुणात पडून होतीस, उतरणारच. मलाही पटलं. पण पडून तर दोन्ही पाय होते. मग एकच का उतरली?

हा प्रश्न मी एका रुग्णालयातल्या फिजिओ मॅडमना विचारला. उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांनी टॉवेलची गुंडाळी माझ्या गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाल्या, दाब खाली. मी दाबलं. म्हणजे मला वाटलं, मी दाबलं. दात-ओठ खाऊन दाबत होते. कंबर उचलली जात होती, टाच गादीत रुतत होती, श्वास कोंडला होता, मांडी मात्र ढिम्म. त्यांनी माझाच हात माझ्या मांडीवर ठेवला. पिठाच्या गोळ्यासारखी मऊ. डाव्या पायाने तेच केलं तर स्नायू टणक होऊन वाटी टुणकन वर सरकली. मग परत उजवा. परत काही नाही. तुटलेल्या लिगामेंटने मला रडवलं नव्हतं, पण तिथे त्या पलंगावर मला रडू आलं, कारण माझाच पाय माझं ऐकत नव्हता.

"तू आळशी नाहीस," मॅडम म्हणाल्या, "आणि स्नायू काही मेलेला नाही. त्याला हुकूमच पोचत नाहीये."

या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षं वाचत राहिले. खेळ सुटला, बँकेतली नोकरी राहिली, आणि संध्याकाळी मंडळात पोरींना शिकवताना हे वाचन कामाला आलं. जे समजलं ते असं.

सांध्याला आवरण असतं. त्या आवरणात आणि लिगामेंटमध्ये मज्जातंतूंची टोकं असतात. सांधा किती वाकलाय, किती ताणलाय, याची खबर ती सतत मज्जारज्जूकडे धाडत असतात. सांध्यात रक्त किंवा पाणी साचलं की आवरण आतून ताणलं जातं आणि या टोकांचा एकच गलका सुरू होतो. त्याला उत्तर म्हणून मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, जाणारे हुकूम दाबून टाकतो. मेंदू वरून "आवळ" म्हणत असतो, तो आदेश अर्ध्या वाटेतच अडतो. शास्त्रात याला आर्थ्रोजेनिक मसल इनहिबिशन म्हणतात. स्नायूला इजा नाही, त्याच्या नसेलाही इजा नाही. इजा शेजारच्या सांध्याला झाली आणि शिक्षा स्नायूने भोगली.

यातली मला सगळ्यात धक्कादायक वाटलेली गोष्ट म्हणजे यासाठी किती थोडं पाणी पुरतं. १९८४ साली छापून आलेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या निरोगी गुडघ्यांत निर्जंतुक मिठाचं पाणी थोडं थोडं सोडून पाहिलं होतं. मार नाही, जखम नाही, काही तुटलेलं नाही. नुसतं पाणी. वाटीच्या आतल्या अंगाचा स्नायू साधारण २० ते ३० मिलिलिटरलाच मंदावला; मांडीचे पुढचे आणि बाहेरचे भाग ५० ते ६० मिलिलिटरला. २० ते ३० मिलिलिटर म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने दोन-तीन झाकणं. एवढी सूज नुसतं बघून कळतही नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मरिया स्टोक्स आणि आर्ची यंग यांनी गुडघ्याची गादी, म्हणजे दोन हाडांमधली लवचीक चकती, काढलेल्या रुग्णांच्या मांड्या तपासल्या. शस्त्रक्रियेला पंधरवडा होत आला, वेदना जवळपास ओसरल्या, तरी स्नायूचा बराच भाग गप्पच होता.

म्हणजे "दुखत नाही" आणि "बरं झालं" यांचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. आमच्या क्षेत्रात मात्र फिट असल्याचा दाखला म्हणून तेवढंच विचारतात. दुखतं का? नाही? मग उतर.

शरीराला मी यात दोष देत नाही. पहिल्या काही दिवसांत त्याचं वागणं शहाणपणाचंच आहे. फाटलेल्या सांध्यावर एवढा ताकदवान स्नायू खेचला तर नुकसान वाढेल, म्हणून तो बंद. गावात दंगा झाला की संचारबंदी लागते, तसंच हे. अडचण एवढीच की दंगा शमतो, दुकानं उघडतात, पण संचारबंदी उठवल्याचा हुकूम घेऊन कोणी येतच नाही, आणि लोक महिनोन् महिने दारं लावून बसून राहतात. स्नायूचं तसंच होतं. वापर नाही म्हणून तो वाळतो. वाळला म्हणून सांध्याला आधार नाही. आधार नाही म्हणून सांधा पुन्हा पुन्हा चिडतो, थोडं थोडं पाणी धरतो. पाणी धरलं की स्नायू पुन्हा बंद. यातून नुसतं "हळूहळू होईल बरं" म्हणून कोणी बाहेर येत नाही. मी अशा पंधरा-पंधरा वर्षांच्या जुन्या दुखापती पाहिल्या आहेत, ज्यांत एक मांडी अजूनही दुसरीच्या बरोबरीला आलेली नाही.

आता उशी. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की आराम पडतो, कारण साधारण ३० अंशाला सांध्याच्या आतला दाब सगळ्यात कमी असतो. आई, आजी, आत्या यांना हे आकडे माहीत नसतात, पण पोरीचा चेहरा वाचता येतो. उशी ठेवली की कपाळावरची आठी जाते. म्हणून प्रत्येक घरात ती उशी येते. पण मांडीचा पुढचा स्नायू दबलेला असताना मागचे स्नायू मोकळेच असतात. ते गुडघा वाकवून धरतात. अशी दोन-तीन आठवडे उशी राहिली की पाय पूर्ण सरळ होणं हरवतं. शेवटचे पाच-सात अंश. दिसायला काहीच नाही, पण मांडीचा स्नायू पूर्ण आवळला जातो तो नेमका त्या शेवटच्या अंशांत. म्हणून मी आता उशी गुडघ्याखालून काढून टाचेखाली ठेवायला सांगते आणि घरच्यांच्या शिव्या खाते. "किती निर्दय आहात हो ताई, पोर कळवळतेय." कळवळू दे थोडी. याबाबतीत मी खरंच निर्दय आहे.

दुसऱ्या पायाचं मला फार उशिरा कळलं. एका गुडघ्याला मार बसला की न दुखावलेल्या बाजूची मांडीही थोडीफार ढिली पडते, कारण हा मामला एका सांध्यापुरता उरत नाही. मज्जारज्जू आणि मेंदू दोन्ही त्यात ओढले जातात. त्यामुळे "चांगल्या पायाच्या तुलनेत ९० टक्के ताकद आली" असा अहवाल कोणी दाखवला तर मी विचारते, चांगला पाय मुळात किती चांगला उरलाय? एसीएल तुटलेल्या माणसाचा मेंदू पायाची खबर घ्यायला डोळ्यांवर जास्त विसंबायला लागतो, असंही मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे. कबड्डीत याचा अर्थ काय होतो ते बघा. कोपऱ्यावरच्या मुलीची नजर चढाईवालीच्या कमरेवर हवी. ती स्वतःच्या पायाकडे बघायला लागली की पकड गेलीच. नुसत्या डोळ्यांनी हे ओळखता येतं: पडून आलेली पोर परत खेळायला लागते, आणि वळण्याआधी क्षणभर खाली बघते.

या सगळ्याचा सांध्याच्या आयुष्याशी काय संबंध, ते सांगते. चालताना टाच जमिनीला टेकते तेव्हा गुडघा थोडा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू त्या वाकण्याला लगाम घालतो. धक्का तिथे जिरतो. जिना उतरताना, उडी मारून खाली येताना हे काम कैक पटींनी वाढतं. स्नायू दबलेला असेल तर माणूस नकळत गुडघा न वाकवता, ताठ पायाने चालायला लागतो. बाहेरून कोणाला लंगडणं दिसत नाही. पण जो धक्का मांसात जिरायचा तो थेट हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेवर जातो. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. म्हणजे तिला खायला मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून झिरपून, आणि झीज सुरू झाली तरी ती ओरडत नाही. ती दुखायला लागली असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर तिच्याखालचं हाड आणि भोवतीचं आवरण बोंबलत असतं. कूर्चेचं काम तोवर बरंचसं आटपलेलं असतं.

यावर लोक म्हणतात, मग जपावं गुडघ्याला, भार टाकू नये. "वंगण संपेल" ही आपल्याकडची आवडती भीती. गंमत अशी की भार न टाकणंही कूर्चेला मानवत नाही. दाबली गेली आणि सुटली की तिच्यात द्रवाची ये-जा होते, तेच तिचं जेवण. पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या माणसांच्या गुडघ्यांतली कूर्चा, काहीही मार न लागता, पातळ होत गेलेली आढळली आहे. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतरही, सहाव्या महिन्यात जे लोक त्या गुडघ्यावर कमी भार देत होते त्यांच्यातच पाच वर्षांनी झीज जास्त दिसली, असं अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात निघालं. तेव्हा गुडघ्याला भार हवा, पण स्नायूच्या हातून हवा.

मुळात ही दूरची गोष्ट आहे म्हणून कोणाला पटत नाही. २००४ साली स्वीडनमधल्या फुटबॉल खेळणाऱ्या बायकांचा एक अभ्यास आला. एसीएल तुटून १२ वर्षं झालेल्या त्या बायका. सरासरी वय ३१. एक्स-रेमध्ये त्यांच्यातल्या निम्म्या जणींच्या त्या गुडघ्यात संधिवाताची झीज दिसत होती. एकतीस! आपल्याकडे या वयात मुलीच्या मुलाचं बालवाडीत नाव घालायची धावपळ चालू असते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधून १९४८ ते १९६४ या काळात बाहेर पडलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवर तर आयुष्यभर नजर ठेवली गेली. तरुणपणी गुडघा दुखावलेल्यांपैकी १३.९ टक्क्यांना पासष्टीपर्यंत गुडघ्याचा संधिवात झाला. ज्यांचा दुखावला नव्हता त्यांच्यात ६ टक्क्यांना. डॉक्टर झालेली माणसं होती ती, औषधोपचार हाताशी असलेली.

आणि शस्त्रक्रिया केली की हे टळतं, हा समज मला फार ठिकाणी भेटतो. "नवीन लिगामेंट बसवलं ना, आता गुडघा नवाकोरा." बसवलेलं लिगामेंट गुडघा सटकू देत नाही, हे खरं आणि कबड्डी खेळायची असेल तर मोलाचं. पण ते सहसा मांडीच्या मागच्या किंवा वाटीखालच्या दोरीसारख्या भागातून घेतलेलं असतं. जुन्या लिगामेंटच्या खबऱ्या तंतूंची बरोबरी ते करत नाही. शस्त्रक्रियेने पुढचा संधिवात थांबतो असं दिसलेलं नाही. स्वीडनमध्येच १२१ तरुणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं होतं: एकाला लगेच शस्त्रक्रिया आणि व्यायाम, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज पडलीच तर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखेच होते, आणि दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्यांना चाकू लागलाच नाही. मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. पण आमच्याकडे दागिने मोडून ऑपरेशन होतं, आणि फिजिओच्या रोजच्या रिक्षाभाड्याला पैसे उरत नाहीत, हे उलटं आहे.

गादीच्या बाबतीतही एकेकाळी असंच होतं. फाटली की आख्खी काढून टाकायची. १९४८ साली फेअरबँक नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने एक्स-रे दाखवून सांगितलं की गादी काढलेल्या गुडघ्यांत बदल होतात. तरी पुढे कित्येक वर्षं गाद्या निघतच राहिल्या. आता शक्य तिथे शिवतात.

आता बैठकांबद्दल, कारण माझी सगळ्यात जास्त भांडणं याच विषयावर झाली आहेत. तालमीतून आलेले जुने जाणकार म्हणतात, मांडी उतरली ना, मार शंभर बैठका, येईल परत. बैठकांबद्दल मला अपार आदर आहे. माझी मांडी त्यांनीच कमावली होती. पण दबलेला स्नायू बैठकांनी जागा होत नाही, कारण बैठकीत पाय दोन असतात. चांगला पाय गुपचूप जास्त वजन घेतो. शिवाय दुखावलेल्या बाजूचा भार गुडघ्याकडून कमरेकडे सरकतो. समोरून बघाल तर बैठक अगदी देखणी. मांडी जिथल्या तिथे. आधी त्या स्नायूला एकटा गाठावा लागतो, आणि ते काम इतकं किरकोळ, इतकं कंटाळवाणं आहे की तगड्या खेळाडूंना लाज वाटते: पाय सरळ ठेवून मांडी आवळा, वाटी वर सरकवा, धरून ठेवा, सोडा.

मॅडमनी माझ्याकडून तेच करून घेतलं. आधी अर्धा तास बर्फ. मला वाटायचं सुजेसाठी. नंतर वाचलं की बर्फ हा दबाव काही वेळापुरता सैल करतो. तेवढ्या सवडीत व्यायाम उरकायचा. मग मांडीवर दोन पट्ट्या लावून करंट. इथे एक सांगायला हवं. गल्लोगल्लीच्या क्लिनिकमध्ये 'मशीन लावतात' तेव्हा पुष्कळदा नुसत्या मुंग्या येतात, पेशंट मोबाइल बघत पडून असतो आणि त्याला उपचार झाल्यासारखं वाटतं. मांडीसाठी लागतो तो करंट स्नायूला जबरदस्तीने आवळायला लावणारा असतो. नकोसा वाटतो, आणि त्याच्यासोबत आपणही आवळायचं असतं. स्नायू जागा झाला की मग वजनं, मग एका पायाचे व्यायाम, बैठका, उड्या, वळणं. मॅडमनी ओळखलं होतं की मला हुकमापेक्षा स्पर्धा कळते. त्या डाव्या आणि उजव्या मांडीवर एकेक हात ठेवून म्हणायच्या, "कोण आधी?" ज्या दिवशी उजवी वाटी जेमतेम, चोरटी हलली, त्या दिवशी आम्ही दोघींनी वॉर्डात आरडाओरडा केला आणि सिस्टरांची बोलणी खाल्ली.

नऊ महिन्यांचा आकडा पोरींना मी पाठच करायला लावते. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात उतरणं एकेक महिना पुढे ढकललं, तर नवव्या महिन्यापर्यंत प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका साधारण निम्म्याने कमी होतो. मांडीची ताकद दोन्ही बाजूंना जितकी सारखी, तितका धोका आणखी कमी. पण स्पर्धांचं कॅलेंडर गर्भारपणाएवढी वाट बघत नाही. सिलेक्शन ट्रायल असतात, वयोगट उलटून जातो, खेळाच्या कोट्यातली नोकरी असते. आमच्यातल्या पुष्कळ मुलींसाठी कबड्डी म्हणजे घराला मिळणारा पहिला कायमचा पगार. त्यांना "थांब" म्हणणं माझ्या जिभेला सोपं आहे; माझा पगार चालू आहे.

घोट्याचं मात्र कोणी 'दुखापत' म्हणूनही मोजत नाही. मुरगळला, तुरटीच्या पाण्याचा शेक घेतला, झालं. तिथेही पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे, पाय आत वळू न देणारे स्नायू असेच मंद होतात, आणि म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

माझ्या उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूची फट आता अरुंद झाली आहे. दादरचा पूल चढताना काही नाही; उतरताना कठडा लागतो. पावसाळ्यात जास्त दुखतो का, असं सगळे विचारतात. मला तरी त्यात फरक जाणवलेला नाही, पण लोकांचा विरस नको म्हणून "हो ना" म्हणते. रात्री टीव्ही बघताना घोट्याला वजन बांधून पाय सरळ करते. झीज त्याने भरून येणार नाही, पण जिना उतरता येतो. ज्या आठवड्यात कंटाळा करते त्या आठवड्यात पूल मला लगेच सांगतो.

सध्या आमच्या डाव्या कोपऱ्याच्या पोरीचं एसीएल झालं आहे. ऑपरेशन नीट पार पडलं, टाके सुकले, सूज जवळपास नाही. तिची आई परवा मैदानावर आली. धुणीभांडी करून दोन घरांच्या मधल्या वेळेत आली होती, उभ्या उभ्याच बोलली. "ताई, ऑपरेशन तर झालं. दुखत पण नाही म्हणते. मग आता काय राहिलं? पुढच्या महिन्यात बँकेची ट्रायल आहे."

मी म्हटलं, "तुम्ही तिच्या पायाला तेल लावता ना रोज? दोन्ही मांड्या हाताला सारख्या लागतात?"

बाई थांबली. मग म्हणाली, "नाही. ऑपरेशनची मऊ लागते. मला वाटलं, बेल्ट बांधून बांधून झालं असेल."

कोणत्याही मशीनच्या आधी तिच्या हातांना ते कळलं होतं. फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं. मग पोरीला तिथेच कट्ट्यावर बसवलं, पाय लांब, टाचेखाली तिचीच बॅग, आणि आईचा हात वाटीच्या वर ठेवला. आवळ म्हटलं. डावी वाटी टुणकन वर. उजवी नाही. पोरगी ओशाळली. आईला म्हटलं, रोज सकाळी बर्फ आणि मग हे. तुमचा हात इथेच ठेवायचा, वाटी सरकली तरच मोजायचं, नाही तर नाही. फिजिओकडे आठवड्यातून तीनदा जायचंच, रिक्षाचं मंडळ बघेल.

आता रोज रात्री नऊच्या सुमारास फोन येतो. "आज बारा वेळा सरकली, ताई. टीव्ही लावला की मात्र एकदाही सरकत नाही, म्हणून बंद करून टाकला." मागून पोरीचा वैतागलेला आवाज येतो, मालिका अर्धवट राहिल्याचा. आणि फोन ठेवण्याआधी आई ट्रायलचं विचारतेच. मी रोज सांगते, पुढच्या वर्षीची. ती रोज म्हणते, बरं, उद्या परत विचारते.